पलीकडचा स्विच

घराची वाटणी झाली तेव्हा दोघी बहिणींनी काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. भांडी वाटली, गाद्या वाटल्या, अंगणातला नळ सकाळी कुणी आणि संध्याकाळी कुणी वापरायचा तेही ठरलं. मधल्या खोलीत विटांची भिंत उभी राहिली. वडिलांच्या आरामखुर्चीवर दोघींचा डोळा होता, म्हणून थोरलीने ती सरळ भंगारवाल्याला देऊन टाकली. ना तुला ना मला. त्यावरून धाकटीने आणखी एक राग मनात धरला. एवढं सगळं पार पडल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की विजेचा डबा वाटायचा राहिला.

डबा थोरलीच्या खोलीत, दारामागच्या भिंतीवर होता. राखाडी पत्र्याचा, झाकणाची एक बिजागरी सैल झालेला. आत वर मेन स्विच आणि त्याच्याखाली छोट्या स्विचांची रांग. त्या रांगेतला शेवटचा स्विच पलीकडच्या खोल्यांचा, म्हणजे धाकटीचा. तिला वेगळं मीटर आणि वेगळा डबा हवा असेल तर दोघींनी मिळून वीज कार्यालयात जायचं, एका अर्जावर शेजारी शेजारी सह्या करायच्या. आणि तिथे गेलं की आधी एका बाकावर ताटकळत बसायचं. ते कोण करणार? हट्टाच्या बाबतीत दोघी एकाच आईच्या लेकी होत्या. डबा राहिला तिथेच राहिला.

भांडणाचं कारण वडील. थोरली नर्स होती, सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवलेली. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, रात्रपाळीशी झालंय. वडिलांचं शेवटचं दुखणं तिने पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. आता दवाखाना म्हणजे नळ्या आणि सुया, बाकी काही नाही, तेव्हा त्यांना घरीच ठेवायचं, आपल्या हाताने करायचं, असं तिने ठरवलं. धाकटी तेव्हा नुकतीच नवरा गेल्यामुळे माहेरी परतली होती. एकाला मरताना बघून आलेली बाई, तिला दुसऱ्याचं मरण बघवेना. दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, असा तिचा धोशा चालला होता. वडील गेले ते थोरलीच्या मांडीवर. आणि अंत्ययात्रेला जमलेल्या माणसांसमोर धाकटी मोठ्याने म्हणाली, "हिनं मारलं त्यांना."

माणसं गेली, शब्द राहिला. थोरलीने उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. अबोला सुरू झाला आणि मग त्यावर भिंत बांधली गेली.

भिंत मात्र गवंड्याने छतापर्यंत नेली नाही. वर वीतभर फट ठेवली, हवा खेळायला हवी म्हणून. त्या फटीतून इकडचा उजेड तिकडे जायचा आणि तिकडचे आवाज इकडे यायचे. धाकटी शिवणकाम करायची. पडदे, गाद्यांचे अभ्रे, शाळांचे गणवेश. दिवसभर मशीन चालायचं. थोरली निवृत्त झाली तशी तिला त्या घरघरीची इतकी सवय लागली, की मशीन थांबलं की ती दचकून वर बघायची.

भिंत झाल्यावर पहिल्यांदा पलीकडची वीज गेली तेव्हाची गोष्ट. स्विच पडला होता, पण तो उचलायला थोरलीच्या घरात यायला हवं, निदान हाक तरी मारायला हवी. धाकटीने दोन्ही केलं नाही. कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन तिने भिंतीवर दोनदा ठोकलं. ठक, ठक. थोरली भाजी चिरत होती. तिला लगेच कळलं. उठली, डबा उघडला, स्विच वर केला. पलीकडे पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. तिने पुन्हा सुरी हातात घेतली. तेव्हापासून तोच नियम झाला. तिकडून ठोकायचं, इकडून उचलायचं. बोलणं नाही, आभार नाहीत, आणि चूकही कुणाची नाही.

आता यापुढची गोष्ट थोरलीने कुणाला सांगितली असती तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. एकदा डब्यावरची धूळ पुसताना फडक्याला अडकून तो शेवटचा स्विच खाली आला. तिच्या हातून फडकं गळालं. ती स्विच वर करणार एवढ्यात भिंतीवर आवाज आला, ठक ठक. थोरलीने स्विच वर केला आणि तिथेच उभी राहिली. तिला कळेना की आपल्याला एवढा आनंद कशाचा झाला. मग कळलं. कितीतरी दिवसांनी बहिणीने तिला काहीतरी मागितलं होतं.

पुढे एका रिकाम्या दुपारी तिने तो मुद्दाम खाली केला.

त्यानंतर हा चाळाच लागला. रोज नाही. रोज केलं तर संशय यायचा, एवढी अक्कल तिला होती. बरं वाटत नसलं की, पाऊस लागून राहिला की, कुणाच्या मरणाची बातमी कळली की, ती दुपारचा चहा घेऊन डब्यापाशी खुर्ची ओढून बसायची. मशीन चालू असताना मात्र कधी हात लावायची नाही. मध्येच सुई अडकली, शिवण बिघडली, तर नुकसान तिचं. ती कान देऊन बसायची. मशीन थांबलं, धाकटीची खुर्ची करकरली, की बोट लावून हळूच स्विच खाली. मग वाट बघायची. ठक ठक आलं की वर करायची, आणि थंड झालेला चहा संपवायची. म्हातारपणी माणसं काय काय करतात. कुणी कबुतरांना दाणे टाकतं, कुणी खिडकीत बसून रस्त्यावरच्यांना नावं ठेवतं. ही बहिणीची वीज घालवायची.

मग कधीतरी तो स्विच आपणहूनही पडायला लागला. थोरली बसलेली असायची, मशीन थांबायचं, आणि तिचं बोट पोचायच्या आधीच टक्कन आवाज होऊन तो खाली यायचा. पहिल्यांदा तिला हसू आलं. म्हणाली, याला पण माझी खोड लागली. तिने उचलला. ठोकण्याचा आवाजही हल्ली स्पष्ट यायचा. पूर्वी तो दबका, कापडाच्या गठ्ठ्यामागून आल्यासारखा वाटायचा. आता अगदी समोरून. थोरलीला ते बरं वाटलं. असं का झालं असेल याचा विचार करायला ती थांबली नाही.

पण डबा कुरकुरायला लागला. संध्याकाळी दिवे लागले की आतून बारीक गुणगुण यायची, आणि एकदा झाकणाला हात लागला तर ते कोमट लागलं. दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला ताप कळतो. तिने वायरमनला बोलावलं.

वायरमन चौकातला, सगळ्या गल्लीला ठाऊक असलेला. उंच, वाकून चालणारा, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याने आधी पायाखाली कोरडी फळी टाकली, मेन स्विच खाली केला, टेस्टर लावून खात्री केली, आणि मगच झाकण काढलं. आत बघितलं आणि जिभेने च् च् केलं.

"मावशी, हे कधी उघडलं होतं शेवटचं?"

"बाबा होते तेव्हा."

"म्हणजे तुम्ही बाहेरून पुसून ठेवायच्या, आतलं राम भरोसे." त्याने एक काळपट वायर बोटाने दाखवली. "हा स्क्रू ढिला पडलाय. ढिला स्क्रू म्हणजे वायर तापते, तापली की अजून ढिली होते. वर्षातून एकदा तरी कुणाकडून तरी आवळून घ्यायचे हे. तुम्ही नाही हां, तुम्ही हात घालायचा नाही. तुम्ही फक्त बाहेरून बघायचं. गरम लागतोय का, आवाज येतोय का, जळका वास येतोय का. एवढं केलंत तरी पुष्कळ."

त्याने स्क्रू आवळले, धूळ झटकली, जळकी वायर कापून नवी घातली. मग कागदाच्या पट्ट्या काढल्या आणि प्रत्येक स्विचखाली चिकटवायला लागला. बाहेरची खोली. स्वयंपाकघर. मोरीतला दिवा. शेवटच्यापाशी आला आणि पेन वर धरून म्हणाला, "इथं काय लिहू? धाकट्या ताईंचं नाव?"

थोरलीच्या तोंडून ते नाव वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. "पलीकडे लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं, पलीकडे. मग स्विचवर टिचकी मारून विचारलं, "हा फार पडतो का?"

थोरली काय सांगणार? पडतो त्यातला किती आपणहून आणि किती माझ्या बोटाने, याचा हिशेब तिच्यापाशीच नव्हता. "अधूनमधून," ती म्हणाली.

"कधी? सकाळी, संध्याकाळी? काय चालू असताना?"

"दुपारी. मशीन थांबलं की."

वायरमनने कपाळाला आठ्या घातल्या. "थांबल्यावर? चालू असताना पडला तर समजू शकतो. थांबल्यावर कसा पडेल? मावशी, स्विच असा कंटाळा आला म्हणून पडत नाही. त्याला काहीतरी खुपलेलं असतं. तो पडतो म्हणून घर वाचतं. तुम्ही काय करता, पडला की उचलता. आधी का पडला ते विचारायला नको?"

थोरलीला कानकोंडं झालं. खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण शेजारच्या माणसाला, आणि तेही एवढ्या बोलघेवड्याला, काय सांगायचं? मी माझ्या बहिणीची वीज घालवते, तिनं भिंतीवर ठोकावं म्हणून? दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं असतं.

"पलीकडे जाऊन बघून येतो," तो म्हणाला आणि गेला. थोरली फटीखाली उभी राहून ऐकत होती. दार उघडलं. वायरमनचं बोलणं आलं, धाकटीचा आवाज आला पण शब्द लागले नाहीत. मग दार बंद झालं आणि तो परत आला.

"त्या म्हणतात, माझ्याकडे काही बिघडलेलं नाही. तो कशानं पडतो मला ठाऊक आहे, म्हणाल्या. आत येऊच देईनात. आणि वर हसल्या."

"हसली?"

"हो, हसल्या. काय म्हणावं याला."

थोरली बाकी सगळं विसरली. हसली. धाकटी हसली की तिच्या नाकाला सुरकुती पडायची. अजून पडत असेल का? वायरमन पुढे पुष्कळ बोलला. विजेची गळती झाली की सगळं बंद करणारा एक स्विच असतो, त्याला दर महिन्याला दाबून बघायचं एक बटन असतं, तो तुमच्याकडे नाहीच, तो बसवायला हवा. पलीकडे स्वतंत्र डबा हवा, मीटर हेच राहू दे, मग अर्ज लागत नाही, म्हणजे जिची वीज तिच्या हाताशी. सामान आणतो आणि आठवड्याभरात येऊन दोन्ही करून टाकतो. "तोवर एक लक्षात ठेवा मावशी. हा पडला तर एकदा उचलायचा. लगेच पुन्हा पडला तर हात लावायचा नाही. मला फोन करायचा. ठोकू देत त्यांना कितीही."

"ठोकते ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गल्लीला ऐकू येतं ते," वायरमन म्हणाला.

तो गेल्यावर थोरली त्या कागदी पट्टीकडे बघत बसली. पलीकडे स्वतंत्र डबा म्हणजे ठोकणं संपलं. धाकटीचा स्विच पडेल आणि धाकटीच उचलेल. इकडे कुणाला पत्ताही लागणार नाही. मरणाच्या दिवशी कळेल, तेही गल्लीतल्या लोकांकडून. आठवडा उलटायच्या आत तिने वायरमनला फोन केला आणि म्हणाली, आता काही त्रास नाही, स्क्रू आवळल्यापासून डबा गार आहे, तुम्ही सवडीने या. तो पण कामाने गांजलेला. बरं म्हणाला. डबा खरंच गार होता, आणि त्यावरून तिने स्वतःची समजूत घालून घेतली. शहाणी बाई होती. दवाखान्यात ताप उतरला म्हणून घरी पळणाऱ्या रोग्यांना ती फाडफाड बोलायची.

शाळा सुरू व्हायचे दिवस आले. पलीकडे गणवेशांचं काम लागलं. मशीन सकाळी सुरू व्हायचं ते अंधार पडेपर्यंत. मध्ये मध्ये थांबायचं, इस्त्रीचा दणका ऐकू यायचा, पुन्हा सुरू. स्विच आता आपणहून बऱ्याचदा पडायचा. थोरलीने स्वतः हात लावणं जवळजवळ सोडलं होतं. गरजच उरली नव्हती. ती फक्त उचलायची. एकदा उचलला की राहायचा, मग वायरमनचं सांगणं कुठे मोडलं?

त्या दिवशी दुपारपासून आभाळ दाटून होतं, घरात चार वाजताच दिवे लावावे लागले. थोरली चहा घेऊन बसली होती. मशीन थांबलं. इस्त्रीचा खटका वाजला. आणि स्विच पडला. एरवीपेक्षा मोठा आवाज झाला, कुणीतरी चापट मारल्यासारखा. थोरली खुर्चीतून हललीही नव्हती.

ठक ठक.

तिने उठून स्विच वर केला. तो हाताखालीच परत पडला. भिंतीपलीकडे चर्र झालं, किंवा तिला तसं वाटलं. तिने हात मागे घेतला. पुन्हा पडला तर हात लावायचा नाही. वायरमनचं बोट तिला डोळ्यांसमोर दिसलं. फोन टेबलावर होता.

ठक ठक ठक.

तीनदा धाकटीने कधी ठोकलं नव्हतं. थोरलीला त्या तिसऱ्या ठोक्यात जणू लहानपणीची बहीण ऐकू आली. फ्रॉकचं बटन लावून दे म्हणून पाय आपटणारी. आता उचलला नाही तर काय समजेल ती? मुद्दाम अंधारात ठेवलं म्हणेल. गणवेश अडकवले म्हणेल. एवढ्या वर्षांत थोरलीने एकदाही उचलला नाही असं झालं नव्हतं, तेवढं एकच तर त्या दोघींत शाबूत होतं. तिने स्विच पूर्ण खाली दाबला आणि जोराने वर केला. या वेळी तो राहिला. फटीतून पिवळा उजेड छतावर आला. थोरलीने सुस्कारा सोडला आणि खुर्चीत बसली.

चहा संपायच्या आत वास आला. आधी तिला वाटलं इस्त्रीखाली कापड करपलं. मग फटीतून धूर आत आला, संथपणे, छताला चिकटून. आणि धाकटीचा खोकला.

थोरलीने पहिल्यांदा मेन स्विच खाली केला. तेवढं तिला सुचलं. मग ती अनवाणी बाहेर पळाली. पलीकडचं दार आतून बंद होतं. ती दोन्ही हातांनी दारावर आपटत राहिली आणि बहिणीचं नाव घेऊन ओरडली. एवढी वर्षं जे नाव तोंडातून निघत नव्हतं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. समोरचा बेकरीवाला धावत आला, त्याने खांदा लावून कडी तोडली.

आत कपाटाच्या बाजूने गठ्ठे पेटले होते. धाकटी तिथे होती. पळून यायचं सोडून ती हातांनी गणवेश ओढून बाहेर काढत होती. लोकांचे होते ना. पोरांना सोमवारी घालायचे होते. बेकरीवाल्याने तिला उचलून अंगणात आणलं. थोरलीने नळ सोडला आणि तिचे हात पाण्याखाली धरले, धरूनच ठेवले. कुणीतरी ओरडत होतं, तेल लावा, मलम लावा, आणि थोरली नर्सच्या आवाजात म्हणाली, "काही लावायचं नाही. फक्त पाणी." हातांकडे बघून तिला सगळं कळलं होतं. कोणती बोटं वाकतील आणि कोणती कधीच वाकणार नाहीत. सुईत दोरा ओवणं संपलं, हेही कळलं. धाकटी शुद्धीवर होती. तिची नजर थोरलीच्या खांद्यावरून पलीकडे, धुराकडे होती.

दवाखान्यात थोरली रोज जायची. तिला तिथे कुणी येऊ नको म्हटलं नाही, आणि ये असंही नाही. ती पेज भरवायची, उशी सरळ करायची, मलमपट्टी बदलणाऱ्या मुलीला दोन गोष्टी सांगायची. धाकटी तोंड उघडायची, गिळायची, आणि छताकडे बघत राहायची. झोपल्या जागी थोरलीला 'हिनं मारलं' हे जुनं वाक्य ऐकू यायचं, आणि या खेपेला ते खोटं आहे असं तिला स्वतःलाही म्हणता येत नव्हतं.

एका संध्याकाळी वायरमन भेटायला आला. फळं ठेवली, आणि बाहेर व्हरांड्यात थोरलीला बोलावून खाली मान घालून म्हणाला, "बघून आलो मी. इस्त्रीच्या प्लगला जाणारी वायर भिंतीच्या कडेने, जमिनीलगत गेलेली. कपाटाचा पाय तिच्यावर बसलेला. चेपून चेपून आतली तार उघडी पडली. इस्त्री लावली की ठिणगी." तो थांबला. "पण ते कपाट पूर्वी तिथं नव्हतं. आधी मधल्या भिंतीला टेकून होतं, रंगावर खूण आहे. ते कशाला सरकवलं त्यांनी कुणास ठाऊक."

थोरलीला ठाऊक होतं. ठोकण्याचा आवाज कधीपासून स्पष्ट यायला लागला तेही तिला आठवलं. भिंत मोकळी केली होती धाकटीने. ठोकायला हात पोचावा म्हणून. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. वायरमन बिचारा म्हणत होता, "मीच यायला हवं होतं मावशी. तुम्ही सवडीनं या म्हणालात, तरी मी यायला हवं होतं."

ती आत आली तेव्हा धाकटी जागी होती. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांमध्ये गुंडाळून उशीवर ठेवलेले. थोरली स्टुलावर बसली. खिडकीबाहेर अंधार पडत चालला होता आणि दिवा अजून कुणी लावला नव्हता.

"तूच पाडायचीस ना?" धाकटी म्हणाली.

आवाज घोगरा होता, धुराने खरवडलेला. थोरलीला वाटलं आपल्याला भास झाला.

"मशीन थांबलं की पडायचा," धाकटी छताकडे बघत म्हणाली. "चालू असताना कधी नाही. चालू असताना न पडणारा स्विच कुठला आलाय? मला पहिल्या वर्षीच कळलं. मी म्हणायची, चहा झाला वाटतं हिचा." तिने श्वास घेतला. "मी मुद्दाम जरा थांबायची ठोकायला."

इतकी वर्षं भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघी एकच गोष्ट करत होत्या.

"त्या दिवशी पण तूच पाडलास ना?" धाकटीने आता मान वळवली. तिचे डोळे थोरलीच्या तोंडावर खिळले होते. "वास येत होता थोडा. मला वाटलं इस्त्रीचा असेल. तू पाडलास असं वाटलं, म्हणून मी पुन्हा ठोकलं. तूच होतीस ना?"

हो म्हणणं सोपं होतं. थोरलीने आयुष्यभर खाटांशेजारी बसून माणसांना हो म्हटलं होतं. बरं होईल ना? हो. दुखणार नाही ना? हो. आत्ता हो म्हटलं तर धाकटीच्या डोक्यावरून ठोकण्याचं ओझं उतरलं असतं, आणि सगळं थोरलीच्या एकटीच्या नावावर चढलं असतं. त्याला तिची हरकत नव्हती. पण वडिलांच्या वेळी तिने खरं सांगितलं नव्हतं. काही उपयोग नाही, ते मरणार आहेत, एवढं साधं वाक्य तिने बहिणीला कधी ऐकवलं नव्हतं. ठरवून मोकळी झाली होती. पुन्हा एकदा तिच्यासाठी काय बरं ते आपणच ठरवायचं, याची तिला भीती वाटली.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी हात लावला नव्हता. तो आपणहून पडला."

"काहीतरी बिघडलंय हे तुला कळलं होतं?"

"हो. वायरमनने सांगून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा पडला तर उचलू नका म्हणून."

व्हरांड्यातून कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली.

"मग उचललास कशाला?" तिने विचारलं.

"तू ठोकलंस म्हणून."

धाकटीने डोळे मिटले. कडेने पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं. ते पुसायला तिला हात नव्हते. थोरलीने आपल्या बोटाने ते पुसलं, आणि मग दुसऱ्या बाजूचंही पुसलं.